तफीदाचा नीश

आमच्या तुतीच्या गल्लीत गेल्या दहा वर्षांत जेवढी लग्नं झाली, त्यातली निम्मी तफीदानं पुठ्ठ्यावर उभी केली. हे मी कौतुकानं सांगते आहे, कुत्सितपणानं नाही. कुत्सित बोलायला मला वेगळं निमित्त लागत नाही, हे आमच्या झगाझीग शहरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तफीदा शाळेत शिवणकाम शिकवायची. नवरा लवकर गेला, पेन्शन उंदराच्या शेपटीएवढी, आणि पदरी एक मुलगी, इनास. हातात मात्र अशी कला की संत्र्याच्या खोक्यांना तिनं पडद्याचं कापड लावलं की नवरा-नवरीचं सिंहासन व्हायचं. पाच मजली केकचे खालचे चार मजले पुठ्ठ्याचे आणि प्लास्टरचे, खाण्याचा तो फक्त वरचा. एकदा नवरदेवाच्या मामानं घाईघाईत दुसऱ्या मजल्यावर सुरी चालवली आणि सुरी वाकली. मामा म्हणाला, "केक जरा शिळा आहे," आणि पुढे सरकला. आमच्याकडची माणसं अशी समजूतदार आहेत.

बदामाच्या गोळ्या महागल्या तेव्हा तिनं भाजलेले हरभरे साखरेत घोळवून जाळीच्या पुरचुंड्या केल्या. रुखवत मिरवायच्या गाड्यांवर फ्रिजचं खोकं असायचं, आत तीन उशा. टेम्पोवाला वळणावर जोरात वळला की फ्रिज वाऱ्यानं हलायचा, म्हणून ती प्रत्येक खोक्यात एकेक वीट ठेवायला लागली. बायका माझ्या नवऱ्याच्या इस्त्रीच्या दुकानासमोर उभ्या राहून खोकी मोजायच्या आणि हळहळायच्या. त्यातल्या निम्म्याजणींची स्वतःची खोकीही तफीदानंच भरलेली. पण आपलं पोकळ ते गुपित आणि दुसऱ्याचं भरलेलंच असणार, असं प्रत्येकीला वाटायचं.

तफीदा मात्र खूश असायची. म्हणायची, "सनिया, खोटं मी बोलत नाही गं. खोटं त्यांना हवं असतं, मी फक्त शिवून देते."

मग इनासची वेळ आली.

इनास दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या कामावर. मुलगा रऊफ, वायरमन, गरीब स्वभावाचा. साखरपुडा होऊन चौथं वर्ष लागलं तरी लग्न होईना, कारण मुलाची आई हाज्जा दौलत. हाज्जानं बाकी सगळ्याला हो म्हटलं होतं. पलंग साधा चालेल, पडदे घरी शिवलेले चालतील, पण नीश भरलेला हवा. एकशे बारा नगांचा चिनीमातीचा सेट, एक नग कमी नाही.

आता नीश म्हणजे तसं पाहिलं तर काचेचं कपाट. पण आमच्याकडे त्यात मुलीची अब्रू ठेवतात. आत कपबशा, सुरया, सूपची वाडगी, सगळं सोनेरी काठाचं, आणि त्यातलं काहीही कुणी कधी वापरत नाही. चहा प्यायचा तो स्वयंपाकघरातल्या काचेच्या पेल्यांतून. नीशला कुलूप लागतं, वर्षातून दोनदा बाहेरून काच पुसली जाते, आणि बाई मेली की तो सुनेकडे जातो.

हाज्जा दौलत स्वतःच्या नीशबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही. "आतला सेट माझ्या आईनं इटलीहून मागवला होता. एकतीस वर्षं झाली, एक टवका उडालेला नाही." उडणार कसा, एकतीस वर्षांत त्याला हवा लागली नव्हती. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत, सोन्याच्या लॉकेटशेजारी.

सेटची किंमत दर सणाला वाढत होती. तफीदाची पेन्शन होती तिथेच होती. चौथ्या वर्षी हाज्जानं निरोप धाडला की बैरामच्या ईदपर्यंत नीश भरला नाही तर रऊफसाठी तिच्या नात्यातली मुलगी तयार आहे. रऊफ इनासच्या दवाखान्याबाहेर येऊन रडून गेला. त्यापेक्षा जास्त काही त्याला जमण्यासारखं नव्हतं.

त्या दुपारी तफीदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सनिया, नीश कुणी उघडतं का?"

"कयामतीच्या दिवशी उघडत असतील."

"मग मी करते."

तिच्याकडे आईचा एक खरा कप होता, कान तुटलेला. त्यावर तिनं रद्दी आणि खळ यांचे थर चढवले, वाळवले, उलटून सोडवले. पांढऱ्या तैलरंगाचे तीन हात दिले. भेटवस्तूंच्या कागदावरचे गुलाब कापून चिकटवले, काठाला सोनेरी नेलपॉलिश. नीशच्या पाठीला आरसा असतो, त्यामुळे छप्पन्न नग केले तरी एकशे बारा दिसतात. फक्त आरशात पाठ दिसते म्हणून पाठही रंगवावी लागली. दीड महिना आम्ही दोघी रोज दुपारी तिच्या गच्चीवर बसत होतो. नवऱ्यानं विचारलं तर मी सांगायची, भरतकाम शिकते आहे.

पहिल्यांदा मांडले तेव्हा मला डोळ्यांवर विश्वास बसेना. पण रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि घोटाळा लक्षात आला. ट्रॅक्टर गेला की खरे कप किणकिणतात. हे नुसते सरकले आणि एका कोपऱ्यात गोळा झाले.

तेव्हा मी म्हणाले, "चिकटवून टाक." हे मीच म्हणाले, उगाच कशाला लपवू.

सुताराच्या सरसानं तिनं कप बशीला आणि बशी काचेच्या फळीला पक्की केली. लग्न झालं. हाज्जा दौलतनं काचेला नाक लावून नग मोजले, आरशातलेही मोजले, आणि मान डोलावली. आल्यागेल्याला तिनं स्वतःच सांगितलं की सूनबाईचा सेटही इटलीचा. तफीदानं ते ऐकून मिठाईचं ताट पुढे सरकवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या सकाळी मुलीकडची माणसं बदकं, कबुतरं, भाताची पातेली घेऊन जातात, तशी आम्ही गेलो. वर नवं जोडपं, खाली हाज्जा, अशी ती इमारत. हाज्जाच्या माहेरच्या चार बायका येणार होत्या. पण खेड्यावरून मायक्रोबस आली आणि त्यातून तेरा उतरल्या. बारशाला नसतील आल्या इतक्या हौसेनं त्या पलंग दाबून पाहत होत्या.

शरबत द्यायचं तर इनासच्या स्वयंपाकघरात पेले सहा.

"नीश आहे की," त्यातली एक जाडशी मावशी म्हणाली. "एकशे बारा नग आहेत असं दौलत कालपासून सांगतेय. की ते फक्त सांगायला?"

"किल्ली सापडत नाहीये," तफीदा पटकन म्हणाली.

"मेतवल्लीचा नीश आहे ना हा?" हाज्जानं विचारलं. उस्ता मेतवल्ली आमचा सुतार. चाळीस वर्षांपूर्वी त्याला एक कुलूप आवडलं, तेव्हापासून तो प्रत्येक नीशला तेच लावतो. हाज्जानं गळ्यातली साखळी वर काढली, स्वतःची किल्ली लावली, आणि दार उघडलं. त्याच्या हातचे सगळे नीश एकाच किल्लीनं उघडतात, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण उघडायचं कुणाला होतं.

मी तफीदाचा हात धरला. बर्फ झाला होता. इनास शरबताची सुरई घेऊन उभी, तिचा चेहरा कफनासारखा पांढरा.

हाज्जानं कपाचा कान धरून उचलला. कपाबरोबर बशी आली, बशीबरोबर फळी वर झाली, आणि फळीवरचे आठही कप एकदम अदबीनं उठून उभे राहिले. हाज्जा थबकली. तिनं कपावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला सोनेरी डाग लागला.

तिची पाठ मोठी, म्हणून मागच्या तेराजणींना काही दिसलं नाही. दिसलं ते आम्हा तिघींना.

"काय झालं गं दौलत?" मावशी म्हणाली.

हाज्जानं फळी हळूच खाली ठेवली. दार लावलं, किल्ली फिरवली. वळली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा चढा होता.

"काही नाही. हात लावला आणि आठवलं, मागच्या बैरामला माझी स्वयंपाकघरातली सुरई कुणी फोडली ते. इटलीचा माल आहे बायांनो, तुम्हा तेराजणींच्या हातात द्यायला मला वेड नाही लागलं. इनास, शेजारून पेले माग."

बायका रुसल्या, पण प्रभावितही झाल्या. जाताना मावशी कुजबुजली, "खराच भारी असणार."

जिन्यात हाज्जानं तफीदाला गाठलं. एवढंच म्हणाली, "मी येईन तुमच्याकडे."

त्यानंतरचे तीन दिवस तफीदा जेवली नाही. दोन लग्नांची कामं आली होती, तिनं हात लावला नाही. "दहा वर्षं मी हे हसत हसत केलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकी होत्या ना. आता ही माझ्या पोरीला परत धाडेल, आणि कारण गावभर सांगेल. चार वर्षं थांबली गं पोर." मला तिची इतकी दया आली की मी भांडायचंही विसरले. आणि सरसाचा सल्ला माझाच होता, ही टोचणी वेगळीच.

चौथ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजानंतर हाज्जा दौलत आली. काळा अबाया, हातात तस्बीह, अंगठ्याच्या नखाशी अजून सोनेरी कड. मला तिथं पाहून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"सनियाला सगळं ठाऊक आहे," तफीदा म्हणाली. "जे बोलायचं ते तिच्यासमोर बोला, विहीणबाई. पोरीचा दोष नाही. काय ती शिक्षा मला."

हाज्जा बसली. तस्बीहचे मणी ओढायला लागली.

"पाण्यात टिकतात का ते?"

"नाही."

"ओल्या फडक्यानं पुसले तर?"

"कोरडंच फडकं. तेही हलक्या हातानं."

"हं." पुन्हा मणी. "आमच्या धाकट्या लेकीचं, सफीनाझचं जुळतंय. मुलाची आई मन्सूरा शहरातली आहे, महाभवानी. एकशे अठ्ठावीस नग मागतेय."

तफीदाला कळायला थोडा वेळ लागला. मला लागला नाही. मी तोंडात ओढणी कोंबून खिडकीकडे वळले.

"करीन," तफीदा शेवटी म्हणाली. तिचा श्वास परत आला होता, आणि त्याबरोबर तिचा स्वभावही. "चौसष्ट पुरतील, पाठीला आरसा घ्या. पण एक अट आहे."

"बोला. किती?"

"पैसे नकोत. तुमच्या नीशमधला खरा कप काढायचा. त्यात इनासला चहा द्यायचा. तुमच्या हातानं."

"त्यात आजवर माशीसुद्धा प्यायली नाही, तफीदा."

"म्हणूनच."

शुक्रवारी आम्ही हाज्जाच्या घरी जमलो. तिनं साखळी गळ्यातून काढली आणि किल्ली लावली. दार करकरलं. तिनं दोन कप काढले, मोरीपाशी नेले, आणि धुता धुता एक उलटा केला. मग तशीच उभी राहिली. पाणी वाहत होतं.

"काय झालं, आई?" इनासनं जाऊन नळ बंद केला.

हाज्जानं कप तिच्यापुढे धरला. बुडावर निळा शिक्का होता. इटलीचा नव्हता. कैरोच्या कुठल्याशा कारखान्याचा होता, खाली अरबीत 'दुय्यम दर्जा' असंही छापलेलं.

"मरेपर्यंत बोलली नाही," हाज्जा म्हणाली. "माझी आई. अंथरुणावर होती तेव्हाही मी तिला विचारायची, इटलीतून कसं गं आणलंस? तर नुसती हसायची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही. मला ती बाई पहिल्यांदाच आवडली.

इनासनं कप तिच्या हातातून घेतला, धुतला, चहा ओतला. आधी सासूला दिला. हाज्जानं एक घोट घेतला, मग कप सुनेच्या हातात दिला. "घे. स्वतःचा समज. उद्यापासून रोज ह्यातच पी. मीही पिणार."

तफीदा लेकीकडे बघत होती. इनास दोन्ही हातांनी कप धरून प्यायली. माझ्या मैत्रिणीच्या तोंडावर इतका आराम मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. दुसरा कप तिला मिळाला. मला काचेच्या पेल्यात दिला, आणि सरसाची आठवण ठेवून मी तक्रार केली नाही.

चहा संपला. हाज्जानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि तफीदाजवळ सरकून बसली.

"सफीनाझच्या कपांचं सांगते," ती हळूच म्हणाली. "बुडाशी इटलीचा शिक्का रंगवशील ना? उद्या कुणी उलटून पाहिलं तर पोरीला कमीपणा नको."