सव्वापाच रत्तीचा नीलम

खड्यांबद्दल लोक जितकं खोटं बोलतात तितकं फक्त लग्नाच्या स्थळाबद्दल बोलतात, असं मी नेहमी म्हणायचे. धुळ्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी ही दोन्ही खोटी एकाच अंगठीत बसवलेली पाहिली, तेव्हा म्हटलं, घ्या, आता बघायचं काही राहिलं नाही.

मी जळगावात असते. सराफ बाजारातले दुकानदार विकत घेण्याआधी खडे माझ्याकडे तपासायला पाठवतात. हे काम मला एका मारवाडी शेठजींनी शिकवलं. या धंद्यात मी मान दिला तो त्या एकाच माणसाला. ते म्हणायचे, "आधी खडा बघायचा, माणसाचं तोंड नंतर. तोंड आधी बघितलंस तर खडा दिसणार नाही." मी हा नियम इतका पाळला की बाजारात मला तुसडी म्हणतात. म्हणोत.

बाकीच्यांची परीक्षा म्हणजे दूध. नीलम दुधात टाकायचा, दूध निळसर दिसलं की अस्सल. अहो, निळी बांगडी फोडून टाका, तरी दूध निळसरच दिसेल! आणि हे सांगणारे कोण, तर चांगले शिकलेसवरलेले, चारचौघांत इंग्रजी झाडणारे. दुसरी परीक्षा काचेवर ओरखडा काढायची. भट्टीत तयार केलेला नीलमही काचेवर ओरखडा काढतो, कारण पदार्थ तोच असतो, फक्त जमिनीऐवजी माणसाने शिजवलेला. पण हे सांगायला गेलं की समोरचा आपल्याकडे असं बघतो, जणू आपणच त्याला फसवतोय.

खरी परीक्षा कंटाळवाणी असते, म्हणून ती कुणाला नको असते. खडा आधी स्वच्छ पुसायचा, कारण वरची धूळ आतला डाग वाटते. दिवसाच्या उजेडात, दाराशी बसून बघायचं. दुकानातल्या दिव्याखाली काय, कोळसाही चमकतो. मग भिंग. आत गोल बुडबुडे दिसले की काच नाहीतर भट्टीचा माल. रंगाच्या रेषा शोधायच्या. जमिनीत वाढलेल्या नीलमात त्या सरळ असतात, भट्टीतल्या नीलमात कमानीसारख्या वाकड्या. कडेने पाहिलं तर दोन तुकडे चिकटवल्याचा सांधा दिसतो. खडा खरा ठरला तरच किमतीचा विचार: रंग सगळीकडे सारखा आहे का, मधोमध फिका पडतो का, पैलू नीट पाडलेत का. आणि सगळ्यात शेवटी वजन. लोक वजनापासूनच सुरुवात करतात, कारण ज्योतिषी त्यांना वजन सांगतो. तेही सव्वापाच रत्ती, सव्वासात रत्ती. ग्रहांना त्या पाव रत्तीची एवढी काय नड असते, देव जाणे.

आता माझ्या भाचीचं, म्हणजे धुळ्याच्या अक्काच्या मुलीचं सांगते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून तिला फीट येते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ती चारचौघींसारखी धावू-खेळू लागली. सुट्टीत माझ्याकडे यायची आणि माझ्या टेबलावरचे खडे तासन्‌तास भिंगातून बघत बसायची. घरात तिच्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. 'चक्कर' म्हणायचे. मग चाळीसगावचं एक स्थळ सांगून आलं आणि घरातल्या शहाण्यांना वाटू लागलं की आता ती चक्करसुद्धा घरात नको.

शहाण्यांचे म्होरके तिचे आजोबा, म्हणजे अक्काचे सासरे. सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना ज्योतिषाकडे गेले. त्याने शनीकडे बोट दाखवलं, सव्वापाच रत्तीचा नीलम सांगितला आणि वर अक्कल पाजळली: खड्याबरोबर गोळ्या चालू ठेवल्या तर गुण कशाचा आला ते कळणार कसं? तेव्हा गोळ्या बंद. नानांना हे पटलं, कारण सोयीचं होतं. पाहुण्यांना फडताळात गोळ्यांचं पाकीट दिसलं तर सोयरीक मोडते. बोटात नीलम दिसला तर पोरीकडच्यांची ऐपत दिसते. माझे भाऊजी शाळेत विज्ञान शिकवतात. तेही मान डोलवत राहिले आणि पोरीच्या बोटात नीलमची अंगठी चढली. असल्या विज्ञानाला काय जाळायचंय?

पुढे जे व्हायचं तेच झालं. भाचीला कॉलेजच्या जिन्यावर फीट आली. ती पायऱ्यांवरून गडगडत खाली आली आणि कपाळ फुटलं. अक्काचा रडत फोन आला आणि मी तशीच धुळ्याची गाडी धरली. वाटभर वाटत होतं, आता तरी यांचे डोळे उघडले असतील.

कसले उघडतायत! पोर कपाळाला टाके घेऊन कॉटवर बसलेली. नानांनी मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. पोरीला अंगठी काढायला लावली आणि माझ्या हातात ठेवली.

"हाऊ खडा खरा शे का खोटा, तेवढं सांग," नाना म्हणाले. "खोटा व्हई, म्हणीसनच पोर पडनी."

"आणि खोटा निघाला तर?"

"तर दुसरा आनसूत. यानापेक्षा मोठा."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या कशाले? नव्या खडाना गुन देखना शे ना!"

भाऊजींनी इथेही मान डोलावली. अक्का पदराशी चाळा करत होती. मला त्या क्षणी त्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची मनापासून शिसारी आली, माझी सख्खी बहीण धरून.

मी अंगठी घेऊन दाराशी गेले, खडा पुसला आणि भिंग लावलं. एका कोपऱ्यात बुडबुडा, आणि त्याच्याखाली वाकड्या रेषा, एकीच्या पोटात एक. भट्टीचा माल. एरवी असं काही सापडलं की मला आनंद होतो. समोरच्याचा पडलेला चेहरा बघायला मी थोडी थांबतेसुद्धा. या वेळी पुढचं दिसू लागलं. खोटा म्हटलं की नाना नवा खडा आणणार आणि नव्या खड्याची परीक्षा होईपर्यंत पोर गोळ्यांवाचून राहणार. पुढचा जिना आणखी उंच असेल, नाहीतर पुढ्यात पेटलेला गॅस असेल.

मी शेठजींचा नियम मोडला. खडा खाली धरला आणि निकाल देण्याआधी भाचीच्या तोंडाकडे बघितलं.

"अस्सल आहे नाना," मी म्हणाले. "इतका कडक नीलम मी जळगावच्या बाजारातही क्वचित बघितलाय."

नानांची छाती फुगली. "मंग पोर पडनी कशी?"

"उलटला. असा कडक खडा औषध बंद करून चढवला की उलटतो. अंगावर नीलम आहे तोवर गोळी चुकता कामा नये. एकदा जरी चुकली, तरी तो घरातल्या कर्त्या माणसावर फिरतो."

कर्त्या माणसाचा रंग उडाला. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं समजावून सांगितलेलं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दगडाने धमकावल्याबरोबर गोळ्यांचं पाकीट फडताळातून बाहेर आलं आणि पोथीशेजारी जाऊन बसलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला नाना स्वतः पाण्याचा पेला घेऊन नातीसमोर उभे राहतात. ती गिळेपर्यंत हलत नाहीत.

चाळीसगावचे पाहुणे आले तेव्हा भाचीने त्यांना चहा दिला आणि स्वतःच सांगितलं की मला फीट येते, मी गोळ्या घेते. ते चहा पिऊन उठले आणि पुन्हा फिरकले नाहीत. नानांनी खापर ज्योतिषावर फोडलं. खड्याला बोल लावायची त्यांची छाती झाली नाही. आता ते गावभर सांगत सुटलेत की खान्देशात खड्याची पारख करावी तर आमच्या सुनेच्या बहिणीने. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन लोक माझ्या दारात येतात. मी त्यांचे खोटे खडे खोटे म्हणून सांगते आणि ते चिडून निघून जातात.

आयुष्यात एकदाच मी खोट्या खड्याला खरा म्हटलं, आणि माझ्या त्याच एका शब्दावर एवढ्या लोकांनी विश्वास ठेवला. याला काय म्हणावं?

परवा संध्याकाळी भाचीचा फोन आला. मागून नानांच्या खाकरण्याचा आवाज येत होता.

"मावशी, एक विचारू? मी तुझ्याकडून आणलेल्या भिंगातून अंगठी बघितली. रेषा वाकड्या आहेत ना?"

"गोळी घेतलीस?"

"आत्ताच घेतली."

"मग सरळ आहेत," मी म्हणाले.