गच्चीवर अडकलेला दिग्दर्शक

मी मदतीसाठी ओरडलो की लोक टाळ्या वाजवतात.

हे मी गमतीनं सांगत नाहीये. (गमतीनं सांगितलेल्याला लोक हल्ली हसत नाहीत, तो वेगळा विषय.) माझ्या बाबतीत हे खरोखर घडलंय. नाशकात, भर दुपारी, आमच्याच गच्चीवर!

नव्वदच्या दशकात मराठी विनोदी सिनेमात नायकाला एक मित्र असायचा. तो नायकाऐवजी मार खायचा, शेणात पडायचा, अंधारात नायिकेच्या बापाला मिठी मारायचा. तो मी. कॉलेजच्या गॅदरिंगमधून मला कुणीतरी उचलून मुंबईला नेलं आणि पहिल्याच सिनेमात 'गजा' नावाच्या घाबरट माणसाचं काम दिलं. त्यात एका प्रसंगात हा गजा नुसत्या टॉवेलवर भर बाजारातून पळत सुटतो. तो प्रसंग इतका चालला की पुढचा प्रत्येक निर्माता मला आधी विचारायचा, "टॉवेलचं तेवढं करणार ना?" केलं. थंडीत केलं, उन्हात केलं, एकदा तर ऐतिहासिक सिनेमातही केलं. (तिथे त्याला पंचा म्हणायचे.) माझं खरं नाव सुधाकर. पण ते आता फक्त रेशनकार्डावर आणि वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, तोंडात उरलं होतं.

दहा वर्षं पळून झाल्यावर मला वाटलं, आता आपण थांबावं आणि इतरांना पळवावं. म्हणून मी दिग्दर्शक झालो. माझ्या सिनेमाची सुरुवात विनोदी होती आणि शेवट गंभीर. म्हातारा बाप जातो, मुलगा जगात एकटा उरतो. (मुलगा अर्थातच मी.) नाशकात लागला तेव्हा मी थेटरात मागच्या रांगेत अंधारात जाऊन बसलो. विनोदाला कुणी हसलं नाही. शेवटी पडद्यावर मी बापाच्या पायाशी बसून हंबरडा फोडला, आणि अख्खं थेटर पोट धरून हसायला लागलं! शेजारच्या अनोळखी माणसानं माझ्या मांडीवर जोरात थाप मारली. "काय रडतंय बघा बेणं!" तो म्हणाला. मीही हसलो. काय करणार?

शुक्रवारी लागलेला सिनेमा दुसरा शुक्रवार न बघताच उतरला. गंमत म्हणजे त्यानंतर पळायची कामंही बंद झाली. निर्माते म्हणायचे, "तुम्ही आता दिग्दर्शक! तुम्हाला टॉवेलवर पळा म्हणायला बरं नाही वाटत." मी म्हटलं, "मला वाटतं हो बरं!" पण नाही. शेवटी बॅग भरली आणि इंदिरानगरच्या घरी येऊन राहिलो.

घर दुमजली. खाली नाना, वरच्या मजल्यावर मी. आई जाऊन काही वर्षं झाली होती. माझं लग्न झालेलं नव्हतं. स्थळं आली, नाही असं नाही. पण ती सगळी गजाला बघायला आली. पोहे खाऊन, हसून, गेली. नानांना ऐकू कमी यायचं. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते बातम्यांपुरतं. बातम्या संपल्या की काढून खिडकीत ठेवायचे. त्यामुळे त्या घरात बोलणारा मी एकटा आणि ऐकणाराही मीच. त्यांनी माझा एकही सिनेमा पाहिला नव्हता. मी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "तुला उघडं पळताना बघायचं तर ते तुझ्या लहानपणी रोज बघितलंय."

तर तो एप्रिलचा दिवस. जेवून नाना आतल्या खोलीत झोपले होते. मी गॅसवर दूध ठेवलं आणि ते तापेपर्यंत आंघोळ उरकली. (दुपारी एक वाजता आंघोळ करणारा माणूस बेकार तरी असतो किंवा कलावंत. मी दोन्ही होतो.) मग धुतलेले कपडे वाळत घालायला टॉवेलवरच गच्चीत गेलो. नानांचं धोतर दोरीवर टाकतोय तोच वारा आला आणि मागे धाडकन दार आपटलं.

गच्चीच्या दाराला नानांनी चोरांच्या भीतीनं लॅचचं कुलूप बसवून घेतलं होतं. एकदा लागलं की बाहेरून उघडत नाही. चोर कधी आला नाही. पण आलाच असता तर त्याला काय वाटलं असतं, ते मला त्या क्षणी नीट कळलं.

मी दार ढकललं. लाथा मारल्या. मग कठड्याशी जाऊन ओरडलो, "नाना! अहो नाना!" खालून उत्तर म्हणून नानांचं घोरणं आलं.

शेजारच्या अंगणात वाघकाकू कुरडया उलटत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बाई! अगदी सिनेमातल्यासारखे दिसताय हो!"

"काकू, दार लागलंय! मी अडकलोय!"

"हो हो, तसंच बोलता त्यात!" काकूंनी पदर तोंडाला लावला आणि घरात हाक मारली, "अहो, बाहेर या लवकर! गजाचं चालू झालंय!"

आदल्याच रात्री केबलवाल्यानं माझा तो पहिला सिनेमा पुन्हा दाखवला होता, हे माझं नशीब.

तेवढ्यात रस्त्यानं मखमलाबादचा भाजीवाला रावसाहेब हातगाडी घेऊन आला. त्यानं वर पाहिलं आणि गाडीच्या चाकाखाली दगड लावला.

"ओ गजाभाऊ! शूटिंग हे का?"

"शूटिंग नाहीये! जरा दार वाजव, नानांना उठव!"

"क्यामेरा कुठं लपवलाय पण?"

"कॅमेरा नाहीये रे बाबा!"

"ह्या मानसाचं तोंडच लय भारी हे," रावसाहेब काकूंना म्हणाला. "काय बी म्हणू द्या, हसूच येतं."

माणसं जमायला लागली. रिक्षा थांबल्या. कॉलेजची पोरं सायकली आडव्या टाकून उभी राहिली. कुणीतरी वाटाण्याच्या शेंगा सोलत सोलत समोरच्या ओट्यावर बैठक मारली. (शेंगा रावसाहेबाच्या. त्याचा त्या दिवशी धंदा बरा झाला.) मी पाण्याच्या पाइपावरून खाली उतरायचा प्रयत्न केला. एक पाय खाली सोडला, टॉवेल खिळ्याला अडकला, तो सोडवताना पाइप सुटला आणि मी कसाबसा कठड्यावर पोटावर लटकलो. खाली जो हशा उसळला, तो मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

आणि इथे माझ्यातला दिग्दर्शक जागा झाला. मला वाटलं, लटकलो ते ठीक, पण जरा डावीकडे लटकायला हवं होतं. रिक्षावाल्यांना कडुनिंबाच्या फांदीमुळे दिसलं नसणार. म्हणून मी वर आलो आणि थोडं डावीकडे सरकून पुन्हा लटकलो. हशा दुप्पट! मग धोतराचा दोर करून सोडला. तो वाघकाकूंच्या कुरडयांवर पडला. काकू ओरडल्या, लोक हसले, काकूही हसल्या. मी टॉवेल सावरत वाकून क्षमा मागितली आणि दोरीच्या खांबाला डोकं आपटून घेतलं. शिट्ट्या! नाशिककर मला हसत होते! थेटरात गप्प बसलेले हेच ते लोक! मी ऊन विसरलो, तळपाय भाजत होते ते विसरलो, आणि गॅसवरचं दूधही विसरलो.

त्याची आठवण मला खालच्या माणसांनी करून दिली.

"अरे, धूर पण सोडलाय!" एक पोरगा ओरडला.

मी खाली वाकून पाहिलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर येत होता. आणि त्याला लागूनच्या खोलीत नाना झोपले होते.

"आग लागली!" मी ओरडलो. "अहो, खरंच आग लागली! नाना आत आहेत! माझे वडील आत आहेत!"

टाळ्या.

"दार तोडा! कुणीतरी दार तोडा!"

"वा! डायलॉग!" रावसाहेब म्हणाला.

मी हात जोडले. लोकांनी हात जोडून दाखवले. मी कठड्यावर डोकं आपटलं, लोक वाकडे होऊन हसले. मग मला रडू आलं. खरं, नाक गळणारं, तोंड वेडंवाकडं करणारं. आणि खालच्या त्या सगळ्या गर्दीत एकालाही ते खरं वाटलं नाही. मी इतकी वर्षं इतकं चांगलं काम केलं होतं! तेवढ्या माणसांच्या डोक्यावर, भर उन्हात, मी किती एकटा उभा होतो हे मला आजही कुणाला समजावता येत नाही. समजावायला गेलो की लोक हसतात.

तेवढ्यात खालचं पुढचं दार उघडलं.

नाना बाहेर आले. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हातातल्या सांडशीत कोळसा झालेलं पातेलं. कान गेले तरी नाक शाबूत होतं. वासानं जाग आली होती आणि गॅस त्यांनीच बंद केला होता. ते खोकत अंगणात आले तशी लोकांनी शिट्टी मारली.

"हा म्हातारा कोन?" रावसाहेब म्हणाला. "ह्यो बी भारी काम करतो!"

नानांना यातलं काही ऐकू आलं नाही. ना हसणं, ना टाळ्या. पातेलं तुळशीपाशी ठेवून त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग गर्दी पाहत होती तिकडे, म्हणजे वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"सुध्या," ते म्हणाले, "रडतोस का रे?"

बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. तो सगळ्या रस्त्यावर गेला. पुढचे एकदोघे हसले आणि मधेच थांबले. वाघकाकूंचा पदर तोंडावरून खाली आला.

"येतो थांब," नाना म्हणाले.

त्यांचे गुडघे धरलेले होते. दोन मजले चढायला त्यांना वेळ लागला. तेवढा वेळ खालची माणसं आणि मी एकमेकांकडे बघत गप्प उभे होतो. असा अवघडलेला प्रसंग मी कुठल्या सिनेमात ठेवला असता तर संकलकानं कापला असता.

लॅच उघडलं. नाना धापा टाकत बाहेर आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. माझ्याशेजारी येऊन कठड्यावरून खाली डोकावले.

"ही माणसं कशाला जमलीत?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "मला बघायला!"

"तुला?" नानांनी गर्दी नीट न्याहाळली. "एवढी?"

"हो!"

"तुझ्या पिक्चरला आली होती का एवढी?"

"नाही!"

नाना जरा विचारात पडले. "मग नमस्कार कर त्यांना," ते म्हणाले. "उन्हात उभी आहेत बिचारी."

मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मागून नानांनी माझ्या टॉवेलची गाठ घट्ट धरून ठेवली होती.

लोक पांगले. काही जणांनी जाताना हात हलवला, तो नेमका कुणाला हे कळलं नाही. रावसाहेब कोथिंबिरीची जुडी आमच्या फाटकात ठेवून गेला. आम्ही दोघांनी बिनदुधाचा चहा केला आणि पातेलं भिजत घालून समोरासमोर बसलो. नानांनी बातम्यांची वेळ नसताना यंत्र कानात घातलं. मला खूप बोलायचं होतं, पण ऐकायला कुणी बसलंय म्हटल्यावर काही सुचेना. शेवटी मी म्हटलं, "चहा बरा झालाय." नाना म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघकाकू आल्या. मला वाटलं, कुरडयांचं भांडायला आल्या, किंवा हसल्याबद्दल चुकलं म्हणायला. मी दोन्हीची उत्तरं तयार ठेवली. काकू उंबऱ्यातच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज किती वाजता आहे हो? सिन्नरहून माझ्या जाऊबाई आल्यात. त्यांचं काल बघायचं राहिलं."

मी ताठ उभा राहिलो. स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही? मी घसा खाकरला, काकूंच्या डोळ्याला डोळा दिला आणि म्हणालो,

"अकराच्या आत या काकू. नंतर गच्ची फार तापते."