आत्याच्या तासांची फेअर कॉपी

तुमची आत्या, म्हणजे माझी लेक, जर्मनीत एर्लांगेनला सायकोथेरपिस्ट होण्याचं प्रशिक्षण घेते. ती रुग्णांशी बोलते, आणि नंतर एक अनुभवी थेरपिस्ट बाई तिच्याबरोबर तासभर बसून कुठे काय चुकलं ते दाखवतात. असा प्रत्येक तास तिला तक्त्यात लिहावा लागतो: तारीख, वेळ, रुग्णाचा क्रमांक. प्रशिक्षणाला सरकारी अनुदान आहे, म्हणून हे तास खरंच झाले का, ते पाहायला अधिकारी येतात. तास धरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात मी तिच्याकडेच राहत होते, तेव्हा ते तक्ते माझ्या हाती लागले. ती ट्रेनमध्ये मांडीवर ठेवून लिहायची. कॉफीचे डाग, तीन रंगांची शाई, खाडाखोड. आमच्या शाळेत असला कागद बाईंपुढे ठेवायची कुणाची छाती नव्हती. मी पट्टी घेऊन समास आखले, तीन दुपारी बसून सगळ्याची फेअर कॉपी केली आणि जुने कागद रद्दीच्या डब्यात टाकले.

तपासणीच्या सकाळी तिने फाइल उघडली.

"आई, मूळ कागद कुठे आहेत?"

मी सांगितलं. ती अनवाणीच खाली धावली. रद्दीची गाडी आदल्या दिवशी येऊन गेली होती.

वर आली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता. "माझ्या वह्यांना कव्हरं घालायचीस, तेवढ्यावर थांबली असतीस तर बरं झालं असतं. दोन वर्षांचे तास, एकच पेन, एकच अक्षर. त्यांना वाटेल, काल बसून रचले."

"अक्षर माझं आहे. मी येते."

"तू येऊन काय करणार?"

मी साडी बदलली आणि तिच्याबरोबर तिच्या संस्थेत गेले.

अधिकारी बाईंनी पानं उलटली, पुन्हा पहिल्यावर आल्या. आत्याने जे घडलं ते सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कोरा कागद पुढे सरकवला: पहिली ओळ लिहा. आकडे फाइलीतल्यासारखेच उतरले.

"या," त्या म्हणाल्या. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हो', पण मला वाटलं बोलावतायत, आणि मी उठायला लागले.

मग थेरपिस्ट बाईंची डायरी मागवली. ओळीमागून ओळ ताडून पाहिली. पेन्सिल थांबली की आत्या पुढे वाकून पाहायची. सात तास डायरीत सापडले नाहीत. ते फोनवर झाले होते, आणि त्यांचा पुरावा म्हणजे फक्त ते रद्दीत गेलेले कागद होते. बाकीचे धरले. ते सात पुन्हा करायचे, म्हणजे परीक्षा पुढच्या सत्रात.

परतताना बसमध्ये आत्या माझ्या शेजारीच बसली, पण खिडकीकडे तोंड करून.

काल ती नवा तक्ता स्वयंपाकघरात विसरून गेली. त्यावर आमटीचा शिंतोडा उडाला होता. मी फडकं उचललं, आणि परत ठेवलं.