मास्तरणीचं बोलावणं

चंदनाबाई शाळेतून निवृत्त होऊन गप घरी बसल्या असत्या, तर कुणी नावं ठेवली नसती. पण नाही! सांगलीजवळच्या आपल्या गावातल्या बायकांना दहावीला बसवायचं खूळ त्यांनी डोक्यात घेतलं. शिकवणं एकवेळ सोपं हो, बायका टिकवताना जीव मेटाकुटीला यायचा. रोज संध्याकाळी दारोदार हिंडून एकेकीला हाक मारायची. त्यात बाई जैनाघरच्या, दिवस मावळला की जेवण बंद. या हिंडण्यात कितीदा तशाच उपाशी झोपायच्या.

अंजना त्यांत सगळ्यांत हुशार. गणित तेवढं सुटलं की दहावी पदरात पडणार होती. तेवढ्यात तिचा फौजी नवरा सुट्टीवर आला.

नेमके त्याच वेळी तालुक्याचे शिक्षण खात्यातले साहेब बाईंना म्हणाले, "मोठी माणसं आहेत ती. गरज असेल तर येतील. बोट धरून किती दिवस आणणार?"

बाईंना पटलं. खरं तर पटवूनच घ्यायचं होतं, इतक्या थकल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी हिंडणं बंद केलं आणि वेळेवर जेवायला लागल्या. बाकीच्या रडतखडत येत राहिल्या, अंजना मात्र फिरकली नाही. नवरा आला की संपलं यांचं शिक्षण, म्हणून बाई धुसफुसत राहिल्या.

परीक्षा तोंडावर आली, तेव्हा डेअरीवर दूध घालताना अंजना दिसली. बाईंनी तोंड फिरवलं, तर तीच आडवी आली.

"बाई, बोलवायला का येत न्हाई?"

"का? तुला पाय नाहीत?"

"पाय हायती. पण मालक सुट्टीवर, घरात पाव्हणं. सुनेनं आपणहून कसं उठायचं? तुमी दारात हुभ्या ऱ्हायला की आत्याबाईच म्हणत्यात, जा, मास्तरीण थांबल्यात. हळदीकुंकवाला बी बोलावणं लागतंय की." तिचे डोळे भरले. "गणित लय ऱ्हायलंय, बाई."

सगळा जन्म याच गावात गेला आणि एवढंही कळू नये? बाईंना स्वतःचाच राग आला. परत ते हिंडणं आलं म्हणून रडूही आलं.

संध्याकाळी ताटावर न बसताच त्या निघाल्या. अंजनाच्या दारात भिंतीला टेकून त्यांनी हाक मारली. सासू मनुबाई लगबगीनं बाहेर आली.

"अंजे, आटप, मास्तरीण आल्यात!" आणि मग जवळ येऊन काळजीनं म्हणाली, "बऱ्या हाय न्हवं? आमाला वाटलं, तुमीच शाळा सोडली."