बॉर्डर आणि अव्वाचं गाव

दुधनीच्या स्टेशनावर अव्वा, म्हणजे माझी आई, रडली नाही. रडले ते माझे वडील, आप्पा, आणि वर डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. अव्वानं माझ्या पिशवीत दशम्या कोंबल्या आणि कानडीत एवढंच म्हणाली, "होगि बा." जा आणि ये. त्याला आता अठरा वर्षं झाली. मी गेले ती गेलेच, आणि येते ती पाहुण्यासारखी, तीन आठवडे.

आमचं दुधनीत साड्यांचं दुकान. बॉर्डर हा शब्द मी शाळेत नाही, दुकानात शिकले. गिऱ्हाईक बाई गादीवर टेकली की आधी म्हणायची, "आप्पा, बॉर्डर दावा की!" आमच्याकडे साडीचं अंग विरलं तरी काठ टाकत नाहीत. तो उसवून नव्या कापडाला लावतात. दुकानामागच्या खोलीत अव्वा हेच काम करायची, अख्खी दुपार, मान खाली घालून. दुसरी बॉर्डर कर्नाटकाची, गावाच्या अगदी जवळ. तिला कुणी भीक घालत नव्हतं. माल आणायला सोलापूर, दात दुखला की कलबुर्गी. इतकी साधी गोष्ट होती ती.

आता मी इंग्लंडात, लेस्टरच्या एका वाचनालयात काम करते. इथं शेजारीण हिरवळीच्या कडेला फुलझाडं लावते, त्या पट्टीलाही बॉर्डरच म्हणते आणि तिचं कौतुक माझ्याकडून दर शनिवारी करून घेते. विमानतळावरच्या बॉर्डरवर मात्र अजून मी फाईल तीनतीनदा उघडून बघते, सगळे कागद बरोबर असले तरी. ही धास्ती कायमची घालवायची तर इथलं नागरिकत्व घ्यायचं, आणि ते घ्यायचं तर भारताचा पासपोर्ट परत करायचा. नवऱ्यानं केला, मुलानं केला. माझा अर्ज लॅपटॉपवर दोन वर्षं अर्धवट पडून होता. आप्पांना सांगायची हिंमतच होत नव्हती हो!

एका रिकाम्या दुपारी मी वाचनालयातला जाडजूड शब्दकोश उघडला. बॉर्डर हा शब्द इंग्रजीत फ्रेंचातून आला, आणि त्याच्याही मागे एक जुना शब्द आहे म्हणे, लाकडी फळी अशा अर्थाचा. फळीवरून जहाजाची बाजू, बाजूवरून कड, मग कापडाची किनार, मग देशाची हद्द. मला फार बरं वाटलं. मुळात ती कुणाला अडवणारी रेघ नव्हतीच तर.

त्या रविवारी फोनवर आप्पांना आधी हेच ऐकवलं. ते खूश झाले. "फळी? आपल्या दुकानाला बी फळ्याच हायत की!" ते हसत होते तेवढ्यात मी पासपोर्टचं सांगून टाकलं.

मग म्हणाले, "म्हंजे तू आता आपली न्हाईस?"

माझा बांध फुटला. चाळीशी ओलांडलेली बाई मी, स्वयंपाकघरात उभी राहून हमसाहमशी रडले. तेवढ्यात अव्वानं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला असावा.

"रडतीस कशाला? आळंदकडनं मी हितं आले तवा कुणी इचारलं व्हतं मला? गाव गेलं, नाव बी बदललं. मला कुणी फारम दिला न्हाय. तुला इचारतेत तर तूच ठरव. आप्पा रुसतेत आन् बोलतेत, त्येंचं काय मनावर घ्यायचं!"

अव्वा कर्नाटकातल्या, आळंदजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली, हे मला माहीत होतं, पण तिनंही घर सोडलं होतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. परदेशात राहते म्हणून सगळं दुःख माझंच, असा माझा तोरा. लाजच वाटली. मी विचारलं, "अव्वा, तुला आठवण येते का ग तुझ्या गावाची?"

"आज इचारतीस व्हय," ती म्हणाली. मग बोलत सुटली, कानडीत. माझं कानडी गंजलेलं, निम्मं कळलं. विहिरीचं पाणी गोड होतं. धाकटी बहीण पायरीवर बसून वाट बघायची. भाऊ वारल्यावर बोलावणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती वीस वर्षांत तिकडं गेली नव्हती. दुधनीहून तासा-दीड तासाची वाट आहे.

अर्ज मी त्याच संध्याकाळी पाठवला. आप्पा दोन रविवार फोनवर आले नाहीत, तिसऱ्या रविवारी थंडी किती आहे म्हणून विचारलं.

तिकडं राहिलेल्या तुम्हाला आणि इकडं आलेल्या आपल्या सगळ्यांना एकच सांगते. घर सोडलेलं माणूस आपल्याच घरात असतं, त्यालाही त्याच्या गावाचं विचारा. माझा नवा पासपोर्ट आलाय; मे महिन्यात मी येतेय, त्याच्यावर भारताचा व्हिसा घेऊन. दुसऱ्याच दिवशी अव्वाला तिच्या गावाला नेणार आहे. तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "तितं आता मला कोण वळखतंय?" आणि निघायचं किती वाजता, हे त्याच दमात विचारलं.