लहानीची मुदत

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही लहानी म्हणायचो. आठ वर्षांची असताना ती नेरहून एकटीच मोटारीत बसली आणि मला भेटायला यवतमाळला आली. बाप वारला होता, माय कापूस वेचायला गेली होती. मी यवतमाळला कॉलेजात होतो, आमच्या घरातून पहिलाच. कॉलेज कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. दिवसभर स्टँडवर बसलेल्या पोरीला संध्याकाळी पोलिसांनी नेलं, आणि कोर्टानं बालिकाश्रमात ठेवलं. मुदत एक वर्ष.

वर्ष म्हणजे वर्ष, असं आम्ही धरून चाललो. ते भरलं त्या दिवशी माय तिला न्यायला आली, तेव्हा आश्रमाच्या बाईंनी कागद दाखवला. मुदत आधीच आणखी एक वर्ष वाढली होती. घरी सांभाळायला कुणी नाही असा अहवाल गेला होता, आणि आमचा अर्ज नव्हता. अर्ज मुदत संपण्यापूर्वी द्यायचा असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. मायला माहीत नसणं ठीक. मी तरी विचारायला हवं होतं.

महिन्यातून एकदा भेट मिळे. पहिल्या वर्षी लहानी मायचा पदर सोडत नसे. दुसऱ्या वर्षी एकदा मी तिला बाकावर जागा करून दिली, तर ती उभीच राहिली.

"दादा, बसू?" तिनं विचारलं.

माय हसली. म्हणाली, "पाह्य, कशी शिस्तीची झाली." मला हसू आलं नाही.

त्या वर्षी विधवा मावशी आमच्याकडे कायमची राहायला आली. आता घरी माणूस होतं. मी तीन महिने आधीच अर्ज लिहायला घेतला. माय शेजारी बसली होती.

"ज्यायनं पोरीले दोन वर्सं खाऊ घातलं त्यायचं आधी लिही," ती म्हणाली. "मंग आपलं सांग. आल्या आल्या काही मागनं बरं नाही दिसत."

आमच्या वस्तीत असंच चाले. मलाही ते योग्य वाटलं. पहिलं पान आश्रमाच्या उपकारांनी भरलं. मावशीचं दुसऱ्या पानावर गेलं.

पेशीच्या दिवशी, म्हणजे कोर्टातल्या तारखेला, माय धम्मदीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसली. मावशीचं नाव कोर्टाच्या बोलावण्याच्या कागदात नाही म्हणून शिपायानं तिला बाहेरच थांबवलं.

"काय बाई," तो मायला म्हणाला, "पोरीले पक्क्या घरातून कुडाच्या घरात न्याची घाई कायले?"

आत न्यायाधीश साहेबांनी अर्जाचं पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं की नाही, मला दिसलं नाही.

"मुलगी तिथं बरी आहे ना?" त्यांनी मायला विचारलं.

"लय बरी हाये साहेब. आमच्या घरी कुठं असं दोन टाइम भेटते."

मग त्यांनी लहानीला विचारलं. तिनं आधी शेजारी उभ्या आश्रमाच्या बाईंकडे पाहिलं, मग म्हणाली, "बरं आहे जी."

मावशी बाहेर बसली आहे, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी उठलोही. पण विचारल्याशिवाय बोलावं की नाही हे ठरेना, तोवर साहेब लिहू लागले होते.

कारकुनानं हुकूम वाचला. वयाची अठरा वर्षं पुरी होईपर्यंत. वर तो समजुतीनं म्हणाला, "आता दरसाल यायची कटकट नाही." मायनं त्याला हात जोडले. लहानीला बाईंनी दुसऱ्या दारानं नेलं.

"काय झालं वं?" पायऱ्यांवर मावशीनं विचारलं.

"साहेब चांगला व्हता," माय म्हणाली. "आता दरसाल फेरा नाही."

मावशी आमच्या मागे पाहत राहिली. "मंग पोरगी कुठी हाये?"

माय माझ्याकडे वळली. मी सांगितलं. अजून आठ वर्षं.



"तुले तं समजलं व्हतं," माय म्हणाली. "तिथंच काहून नाही बोलला?"

शिपाई आला आणि पुढच्या पेशीच्या माणसांसाठी पायऱ्या मोकळ्या करायला सांगू लागला.