एकवीस क्रमांकाचे गाव

कोंडाजी उंबरमाळचा. मुळशीच्या तलावाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतली सात घरे डोंगराच्या सोंडेवर जाऊन राहिली, तीच उंबरमाळ. सरकारी जंगलात वसल्यामुळे तिची कोणत्याच दप्तरात नोंद नव्हती. महायुद्धाच्या काळात कोंडाजी पलटणीत गेला, तिथे बिनतारी यंत्र चालवायला शिकला आणि परत आल्यावर सरकारी नोकरीत लागला. बासष्टच्या युद्धानंतर आमच्या भागात रस्त्याकाठी एक लहानसे आपत्काल केंद्र उघडले, तेव्हा तिथले यंत्र त्याच्या हाती आले.

यंत्रावर गावाचे नाव उच्चारायचे नाही, हा तिथला पहिला नियम. सात म्हणजे आग, नऊ म्हणजे पूर. गावांनाही असेच आकडे. आमचे गाव एकवीस. उंबरमाळला आकडाच नव्हता. कोंडाजीने दोनदा अर्ज केला. जवळच्या महसुली गावाचा आकडा वापरावा, असे उत्तर आले आणि ते त्याला पटले. पलटणीतल्या माणसाचा आकड्यांवर विश्वास असतो.

पासष्टच्या फाल्गुनात, भर दुपारी, त्याचा धाकटा भाऊ चिंधू धावत केंद्रावर आला. वणवा माथ्यावरून उतरत होता. वाडीतले बाप्ये कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला गेलेले. घरी बायका, पोरे आणि अंथरुणाला खिळलेली आई, भिमाबाई. आग वाडीपर्यंत यायला तीन तास तरी लागतील, असा चिंधूचा अंदाज होता. पुण्याहून पंपाची जीप दोन तासांत पोहोचू शकत होती. कोंडाजीने बोलायचे बटण दाबले आणि शांतपणे संदेश दिला : सात, एकवीस, तातडीचे. पलीकडून पोच मिळाली. चिंधू म्हणाला की मी फाट्यावर थांबतो, जीपवाल्यांना वाट दाखवतो. कोंडाजीने त्याला आग झोडपायला वर पाठवले. वाट गावकरी दाखवतील, असे त्याने सांगितले.

जीप साडेतीनला आमच्या गावात आली. पारावर माझे चुलते, भिवाजी पाटील, बसले होते. गावात आग कुठे आहे, असे जीपवाल्यांनी विचारले. चुलत्यांनी सांगितले, गावात आग नाही. ते खरेच होते. जीपवाल्यांनी चार घरे पाहिली, विहिरीवर पाणी पिऊन घेतले आणि केंद्राला आकडा कळवला : एकवीस, शून्य. शून्य म्हणजे खबर खोटी.

तो आकडा कोंडाजीनेच ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नियम मोडला. "उंबरमाळ," तो यंत्रात म्हणाला, "एकवीसच्या वर, ओढ्यापल्याड. तिथं माणसं हायेत." सांकेतिक भाषेत बोला, असे पुण्याहून उत्तर आले. तो तेच पुन्हा बोलला. पुन्हा तेच उत्तर आले. जीपवाल्यांनी परतीला लागताना आपला संच बंद केला होता.

पोरे आणि बायका ओढ्यात उतरून वाचल्या. भिमाबाईला उचलायला माथ्यावर आग झोडपणारा चिंधू वेळेत पोहोचला नाही.

पंधरा दिवसांनी चौकशी लागली. ती आगीची नव्हती. खोटी खबर देणे आणि उघड भाषेत बोलणे, या दोन कसुरांची होती. कोंडाजी आमच्या घरी आला. त्या दिवशी वर धूर दिसत होता, एवढे चुलत्यांनी लिहून द्यावे, म्हणजे नोकरी वाचेल, असे त्याचे म्हणणे. ओसरीच्या पायरीखाली उभा राहूनच तो बोलला.

"अण्णा, धूर तुमी पाह्यला का न्हाई?"

"पाह्यला की. फाल्गुनात डोंगराला धूर असतोयच. त्यांनी इचारलं, गावात आग हाय का. मी म्हनलं, न्हाई."

"आमची वाडी गावात न्हाई?"

चुलते जराही रागावले नाहीत. "कोंडाजी, वर्साला गावची शीव बांधतो, नारळ कुटं फुटतो? वढ्याच्या अल्याड. तुज्या बापानं कवा म्हनलं न्हाई, का पल्याड फोडा म्हनून. आन आता मी सायबाला खोटं लिहून देऊ व्हय?"

कोंडाजीने विचारले, "म्हंजे आई कुटल्या गावची व्हती, अण्णा?"

चुलत्यांनी आत हाक मारून त्याच्यासाठी चहा ठेवायला सांगितले. तो चहाला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या साहेबांनी त्याच्यापुढे कागद ठेवला. एकवीस क्रमांकाच्या गावात सदर दिवशी आग लागली नव्हती. संदेश निराधार होता. पुन्हा असे होणार नाही. खाली सही केली तर नोकरी राहील, असे साहेबांनी सांगितले, तेही दयेने. वाडीतली जळालेली सातही घरे कोंडाजीच्या पगाराकडे डोळे लावून बसली होती. त्याने कागद दोनदा वाचला. खोडावे असे एकही वाक्य त्याला सापडेना. त्याने सही केली. चिंधू त्यानंतर भावाशी कधी बोलला नाही.